हातमोजा, भोंगा आणि आयर्विन पुलाची पट्टी

सध्या आमच्या विंगमध्ये एकच प्रश्न कानावर पडतो, ‘टायटल फायनल झालं का?’ जेवलीस का, घरी कधी जाणार, हे प्रश्न केव्हाच मागे पडलेत. टी.वाय.चा मिनी प्रोजेक्ट आहे, सोमवारी गाईडना टायटल द्यायचंय आणि ते भारदस्त वाटलं पाहिजे, एवढंच डोक्यात.

टायटल कसं असतं ते बघायला म्हणून मी डिपार्टमेंटच्या लायब्ररीत गेले. काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे जुने रिपोर्ट कपाटात ओळीने उभे आहेत. तासभर नुसत्या पाठी वाचल्या. दोन विषय पुन्हा पुन्हा येतात. एक म्हणजे जेश्चर रेकग्निशन, हाताच्या खुणा ओळखणारा हातमोजा नाहीतर हातवाऱ्यांवर चालणारी व्हीलचेअर. दुसरा म्हणजे वायरलेस सेन्सर नेटवर्क. आणि या दुसऱ्याच्या आधी ‘सिक्युअर’ आणि ‘एनर्जी एफिशिएंट’ हे दोन शब्द हटकून असतातच. लग्नपत्रिकेत मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ असतं ना, तसे. अर्थ कुणी विचारत नाही, पण नसले तर पत्रिका अपुरी वाटते!

हसू नका. आमचाही पहिला प्रोजेक्ट असाच होता. त्याचीच गोष्ट सांगते आणि मग माझं म्हणणं मांडते.

आमचा हातमोजा

गेल्या वर्षी आम्ही चौघींनी मूकबधिरांसाठी ‘बोलका हातमोजा’ केला. पाच बोटांवर पाच फ्लेक्स सेन्सर. बोट वाकलं की त्यांचा रेझिस्टन्स बदलतो. मनगटावर अ‍ॅक्सिलरोमीटर, एक अर्डुइनो, एक ब्लूटूथ मॉड्यूल आणि मोबाईलवर बोलणारं अ‍ॅप. दहा खुणा शिकवल्या. शिकवताना आमचेच हात आणि तपासतानाही आमचेच हात, त्यामुळे रिपोर्टातली टक्केवारी झकास आली. व्हायवाला टाळ्या पडल्या.

आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींचा मुलगा जन्मापासून ऐकू न येणारा आहे. कुपवाडला वेल्डिंगचं काम करतो. व्हायवा झाल्यावर आम्हाला सुचलं की त्याला मोजा दाखवावा. हो, झाल्यावर! आधी सुचलं नाही, हे इथे मुद्दाम कबूल करते.

तो आला. त्याने मोजा उलटसुलट करून बघितला, घातला, आम्ही केलेल्या खुणा बघितल्या आणि आईकडे बघून खांदे उडवले. त्याला त्यातली एकही खूण ओळखीची नव्हती. कारण साधं होतं. आम्ही खुणा एका परदेशी पेपरमधून घेतल्या होत्या आणि ती अमेरिकेतली, एका हाताने करायची मुळाक्षरं होती. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरंही दोन हातांनी दाखवतात. आमचा मोजा एकच होता, उजव्या हाताचा, कारण फ्लेक्स सेन्सर महाग पडतात!

मग मी जरा वाचलं. सांकेतिक भाषा म्हणजे बोटांचे आकार नव्हेत. हात कपाळाशी आहे की छातीशी, कुठून कुठे गेला, भुवया वर आहेत की खाली, या सगळ्यात अर्थ असतो. होय-नाहीचा प्रश्न भुवयांनी विचारला जातो. मोज्याला भुवया कुठून दिसणार? ही चूक फक्त आमचीच नाही. २०१६ साली अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या ‘साइनअलाउड’ या मोज्यांना लेमेल्सन-एमआयटीचं १०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यावर तिथल्या बधिर लोकांनी आणि भाषाशास्त्रज्ञांनी बरीच टीका केली. त्यांचा मुद्दा असा, की ऐकू येणाऱ्यांनी आमची भाषा शिकण्याऐवजी आम्हीच यंत्र घालून हिंडायचं, हा कुठला न्याय?

हे वाचताना मला माझी शाळा आठवली. कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत मराठी बोललं की रुपया दंड असायचा. मी तो कितीदा भरलाय त्याचा हिशेब नाही. बधिर मुलांच्या बाबतीत हे जगभर झालं. १८८० साली मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळेत खुणांची भाषा नको, तोंडी बोलणंच शिकवायचं, असा ठराव झाला. पुढे कित्येक देशांत मुलांच्या हातांवर बंदी आली. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत. माझा रुपया गेला, त्यांची भाषाच गेली.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. त्यांच्या भाषेसाठी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली निघालं. त्यांचा व्हिडिओ शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा झाला. म्हणजे आम्ही मोजा शिवत होतो तेव्हा तो शब्दकोश मोबाईलवर फुकट होता. आम्ही उघडला नव्हता.

‘मला कोण सांगणार?’

खरी गोष्ट पुढेच आहे. मोजा बाजूला ठेवून त्याने आईला काहीतरी सांगितलं आणि मग आमच्याकडे वळून एक खूण केली. तळहात आडवा धरला, गुडघ्याशी नेला, मग कमरेशी, मग छातीशी. मग दोन्ही हात कानांवर ठेवून मान हलवली.

पहिली खूण कळायला सांगलीत कुठलाही मोजा लागत नाही. पाणी!

मावशींनी सांगितलं, ‘‘१९ च्या पुराचं म्हणतोय. रात्री गाडी आली भोंगा लावून, घरं सोडा म्हणून. मी होते म्हणून ह्याला हलवून उठवला. मी नसते तर? तो इचारतोय, तुमचं हे यंत्र माझं बोलणं तुम्हाला सांगंल, पर तुमचा भोंगा मला कोण सांगणार?’’

आम्ही चौघी गप्प. आमचा मोजा एकाच दिशेने बोलत होता, त्याच्याकडून आमच्याकडे. त्याची गरज उलट दिशेची होती.

मी साताऱ्याची. लहानपणापासून आमच्याकडे धरणाचे दरवाजे उघडले की लोक हौसेने बघायला जातात. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, धोम, कण्हेर अशा धरणांचं पाणी तिला मिळतं, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना येऊन भिडते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. कोयनेच्या धरणाची क्षमता १०५ टीएमसी. साताऱ्यात जे सोडलं जातं ते सांगलीत मोजलं जातं, आयर्विन पुलाच्या पट्टीवर. १९२९ सालचा तो पूल. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतलं लहान पोरही सांगतं. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्याही पुढे. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ च्या आसपास चढलं, आणि त्याच आठवड्यात वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे रात्रीत डोंगर घरांवर आला.

मित्रांनो, आपले दोन्ही जिल्हे म्हणजे वायरलेस सेन्सर नेटवर्कचा जिताजागता प्रॉब्लेम स्टेटमेंट आहेत. आणि आपण तो कुठल्यातरी काल्पनिक १०० बाय १०० मीटरच्या चौकोनात सोडवतोय!

‘एनर्जी एफिशिएंट’ म्हणजे किती दिवस?

सेन्सर नोड म्हणजे काय, तर एक सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, एक रेडिओ आणि बॅटरी. यात सगळ्यात जास्त खातो तो रेडिओ. गंमत अशी की बोलताना खातो तेवढंच तो नुसतं ऐकत बसला तरी खातो. अभ्यासात नेहमी भेटणारा जुना सीसी२४२० रेडिओ घ्या. ऐकताना साधारण २० मिलिअ‍ॅम्पिअर ओढतो. दोन पेन्सिल सेल समजा २४०० मिलिअ‍ॅम्पिअर-अवरचे. भागा. १२० तास, म्हणजे बरोब्बर ५ दिवस. सहाव्या दिवशी तुमचं नेटवर्क नदीकाठी नुसता प्लॅस्टिकचा डबा.

आता तोच रेडिओ १०० सेकंदांत १ सेकंद जागा ठेवा. सरासरी ०.२ मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे १२,००० तास, वर्षाच्या वर. बाकीची गळती धरली तरी एक पावसाळा निघतो. सगळी कला झोपण्यात आहे, आणि झोपण्यात आपला हॉस्टेल कुणाला हार जाणार नाही!

पण कधी झोपायचं हे कोण ठरवणार? ते नदी ठरवणार. पूर काही एका सेकंदात चढत नाही. आयर्विनला पाणी २० फुटांवर असताना तासाला एकदा मोजलं तरी चालेल, ३५ च्या पुढे गेलं की दर पाच मिनिटांनी मोजा. पाटणच्या डोंगराला हा हिशेब लागू नाही, तिथे माती हलायला लागली की मिनिटं मोलाची. म्हणून तिथे जमिनीतलं पाणी आणि कल यांवर आधीपासून नजर ठेवावी लागते. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने असं जाळं बसवून दाखवलं आहे. एकच प्रोटोकॉल दोन्हीकडे चालत नाही.

आपल्या रिपोर्टांत मात्र सगळीकडे ‘लीच’. २००० साली एमआयटीमधून आलेला हा प्रोटोकॉल. जवळजवळच्या नोडांचे गट करायचे, प्रत्येक गटाचा एक प्रमुख नेमायचा, त्याने सगळ्यांचं ऐकून पुढे पाठवायचं, आणि प्रमुखपद आळीपाळीने फिरवायचं म्हणजे एकाचीच बॅटरी संपत नाही. आपल्या मेस सेक्रेटरीच्या पाळीसारखं. कल्पना सुंदरच आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. माझं भांडण असं की आपण ती फक्त सिम्युलेशनमध्ये चालवतो. सिम्युलेशनमध्ये पाऊस पडत नाही. ओल्या झाडोऱ्यात २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल दमतो, हे ग्राफमध्ये दिसत नाही. ऐन जुलैत कोयनेच्या खोऱ्यात सूर्य दिसत नाही, सोलर पॅनेल नुसतं भिजत बसतं, हेही नाही.

‘सिक्युअर’ म्हणजे कुणापासून?

दुसरा शब्द. रिपोर्टात ‘सिक्युरिटी’च्या धड्यात बहुतेक एक एन्क्रिप्शनची आकृती असते आणि विषय संपतो. पण विचार करा, आयर्विनची पाणीपातळी गुप्त ठेवायची आहे का? उलट ती सगळ्यांना कळली पाहिजे. इथे गुपिताची गरज नाही, सहीची गरज आहे. ‘४६ फूट’ हा मेसेज खरंच पुलावरच्या नोडने पाठवला आणि आत्ताच पाठवला, हे पटलं पाहिजे.

‘आत्ताच’ हा शब्द महत्त्वाचा. समजा कुणी टवाळाने मागच्या वर्षीचा ‘४६ फूट’ रेकॉर्ड करून ठेवला आणि आज पुन्हा हवेत सोडला. सही खरी, मेसेज खरा, फक्त शिळा! म्हणून प्रत्येक मेसेजला वाढता क्रमांक किंवा वेळ हवी. पुरात अफवेने काय होतं हे सांगलीकरांना मी सांगायला नको. धरण फुटलं अशी हूल उठली की माणसं रात्रीत पोराबाळांना घेऊन धावत सुटतात. दोनदा खोटा भोंगा वाजला की तिसऱ्यांदा खऱ्या भोंग्याला कुणी उठत नाही. लांडगा आला रे आला!

आणि इथे दोन्ही विशेषणं एकमेकांना भिडतात. सहीचे चार बाइट जास्त पाठवायचे म्हणजे तेवढी बॅटरी जास्त. किती जास्त? बर्कलीच्या मंडळींनी २००४ साली ‘टायनीसेक’ करून दाखवलं, तेव्हा हा बोजा १० टक्क्यांच्या आत राहिला. म्हणजे सही परवडते. न परवडणारी गोष्ट वेगळीच आहे. कुणी नोडला सारखं खोटं खोटं हाक मारत राहिलं तर तो झोपणारच नाही आणि वर काढलेल्या हिशेबाने पाचव्या दिवशी मरेल. याला ‘डिनायल ऑफ स्लीप’ म्हणतात. सबमिशनच्या आठवड्यात हा हल्ला आपण सगळ्यांनीच सोसलाय!

मग करायचं काय?

मी हे गाईड सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन हरकती घेतल्या, आणि त्या चुकीच्या नव्हत्या.

पहिली म्हणजे, सरकारचं जाळं आहेच की. खरं आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाची पाऊस आणि पातळी आपोआप मोजणारी केंद्रं आहेत. कराडजवळ हजारमाचीला भूगर्भाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिने १९६७ च्या भूकंपाच्या पट्ट्यात तीन किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले आठवतं? ती मोबाईल टॉवरवरून धोक्याचा इशारा देण्याची चाचणी होती, आणि त्यात फोन थरथरतोही, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही कळतं. पण पुरात वीज आधी जाते आणि फोन मग मरतो. शिवाय पट्टी पुलावर आहे, पाणी मात्र शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून उलटं गल्लीत शिरतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या कुठल्या बोळात आत्ता पाणी किती, हे सांगायला मोठी यंत्रणा येणार नाही. ते आपल्या आवाक्यातलं काम आहे.

दुसरी हरकत अशी, की एका सेमिस्टरमध्ये हे होत नाही. हेही खरं. पण मग सेमिस्टर बदला असं मी म्हणत नाही, वारसा चालू करा असं म्हणते. आज प्रत्येक बॅच शून्यापासून सुरू करते, कारण ‘नॉव्हेल्टी’ पाहिजे. त्यामुळे कपाटात चार मोजे आहेत आणि हातात एकही नाही. त्यापेक्षा एका नाल्यावर चार नोड बसवू. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, त्यावर लांब पल्ल्याचे, कमी वीज खाणारे रेडिओ मिळतात. पहिली बॅच ते फक्त एक पावसाळा जिवंत ठेवेल. दुसरी सही बसवेल. तिसरी मुद्दाम हल्ला करून बघेल. आणि मार्क कशाला? नोड किती दिवस जगला त्याला. रिपोर्टाच्या पानांना नको.

आणि शेवटची कडी भोंग्याची नको. ती डोळ्यांना आणि अंगाला कळली पाहिजे. उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि एक लाल दिवा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. यात काही थोर संशोधन नाही. बधिर लोक गजराच्या घड्याळाला असली चकती वापरतातच. ती नाल्यावरच्या नोडला जोडायची, एवढंच.

जेश्चर रेकग्निशन वाईट आहे असंही मला म्हणायचं नाही. २०१९ पासून गुगलचं मीडियापाइप मिळतं. ते साध्या कॅमेऱ्यातून प्रत्येक हातावरचे २१ बिंदू शोधतं, दोन्ही हात बघतं, मोजा लागत नाही. ज्याला हा विषय घ्यायचाय त्याने जरूर घ्यावा. फक्त ज्यांची भाषा आहे त्यांना पहिल्या दिवशी बोलवा, व्हायवाच्या नंतर नको.

आम्ही काय केलं? सोमवारी टायटल दिलं. ‘नाल्याच्या पाणीपातळीची थरथरती सूचना’. सर म्हणाले, जरा साधं वाटतंय. मी म्हटलं, सर, साधंच आहे. ते हसले आणि सही केली.

मावशींचा मुलगा दर रविवारी संध्याकाळी मेसच्या मागच्या कट्ट्यावर येतो. चकतीचे पहिले दोन नमुने त्याने नापास केले. एकाची थरथर गादीत विरून जात होती आणि दुसऱ्याची वायर सोल्डरपाशी तुटली, ती त्यानेच जोडून दिली. त्याचा हात आमच्या लॅबमधल्या कुणाहीपेक्षा चांगला चालतो. मधल्या वेळात तो आम्हाला खुणा शिकवतो. मला आत्तापर्यंत चाळीसेक येतात. कुणाला शिकायच्या असतील तर या, रविवारी सहा वाजता. दंड नाही!